उघडी पडलेली नस आणि बारा मिनिटं: एका खोल किडलेल्या दाढेचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझं क्लिनिक भांडुपला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी शाळकरी मुलं आणि आजी-आजोबा, आणि संध्याकाळी साडेसातनंतर लोकलमधून उतरलेली नोकरीवाली मंडळी, असा साधारण माझा दिवस. ही केस त्या संध्याकाळच्या गर्दीतली. पेशंटची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत किंवा बदललेत.

मुलगी तेवीस वर्षांची, अंधेरीला ऑफिस, म्हणजे भांडुप ते घाटकोपर लोकल आणि तिथून मेट्रो. घरून सव्वाआठला निघायचं, परत यायला आठ वाजतात. सुट्टी म्हणजे फक्त रविवार, आणि रविवारी माझं क्लिनिक बंद. हे सगळं आधीच सांगतेय कारण पुढे जे काही झालं त्यात दाढेइतकाच या वेळापत्रकाचाही हात आहे.

सोबत आई आली होती. आईने आल्या आल्या सांगितलं, "डॉक्टर, हिची नस काढून टाका एकदाची. माझी पण काढलीय, काही त्रास नाही. परत परत यायला हिला जमत नाही."

त्रास काय होता

खालची डावी पहिली मोठी दाढ, आमच्या भाषेत ३६ नंबर. तीन आठवडे गार पाणी लागलं की कळ येत होती, आणि जेवण अडकत होतं. आई लवंग ठेवायला लावत होती, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मी विचारलं रात्री ठणकतं का, झोपेतून जाग येते का. नाही. आपोआप दुखतं का, काही न खाता-पिता? आधी नाही म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली की एकदा मेट्रोत दुखलं होतं आणि गोळी घेतली. हे मला महत्त्वाचं वाटलं म्हणून मी पाठपुरावा केला, त्याआधी काय खाल्लं होतंस? तर स्टेशनबाहेर थंडगार उसाचा रस प्यायली होती. म्हणजे आपोआप नव्हे, गार लागल्यावरच. पण हा प्रश्न तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला नसता तर मी चुकीच्या बाजूला गेले असते, कारण आपोआप येणारा ठणका म्हणजे नसेची सूज परतीच्या पलीकडे गेल्याची शक्यता, आणि मग सगळा हिशोबच बदलतो.

तपासणी

दाढेच्या वरच्या बाजूला काळा खड्डा, मागच्या कडेची भिंत खालून पोखरलेली. गारव्याची टेस्ट केली, कापसाच्या बोळ्यावर कोल्ड स्प्रे मारून. आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावला, म्हणजे तिला कळलं की नॉर्मल कसं वाटतं, आणि मग ३६ ला. हात लगेच वर गेला, शेजारच्या दाढेपेक्षा जास्त झोंबलं, पण बोळा काढल्यावर चार-पाच सेकंदात शांत. ठोकून दुखत नाही, हिरड्या ठीक, सूज नाही.

एक्स-रेत कीड डेंटीनच्या, म्हणजे इनॅमलखालच्या दाताच्या थराच्या, आतल्या पाव भागात पोचलेली दिसत होती, पण कीड आणि नस यांच्यामध्ये डेंटीनची एक बारीक पांढरी रेघ शिल्लक होती. मुळांच्या टोकाशी काही नाही. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीने २०१९ मध्ये खोल किडीबद्दल जी भूमिका मांडली त्यात हाच फरक केलाय. मध्ये रेघ दिसत असेल तर 'खोल' कीड, आणि डेंटीनची पूर्ण जाडी खाऊन कीड नसेपर्यंत गेली असेल तर 'अतिखोल'. पहिल्या प्रकारात नस उघडी न पाडता काम करता येतं, दुसऱ्यात ती उघडी पडणारच हे धरून तयारीला लागायचं.

निदान: रिव्हर्सिबल पल्पायटिस, म्हणजे नस चिडलीय पण जिवंत आहे आणि सावरू शकते. अर्थात हा अंदाजच असतो. गारव्याची टेस्ट नसेतल्या संवेदनेची असते, आत रक्तपुरवठा कसा आहे ते ती सांगत नाही, आणि नस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खात्री होत नाही.

पर्याय

पहिला पर्याय आईचा, सरळ रूट कॅनल. दुखणं संपेल हे खरं. पण तेवीस वर्षांच्या मुलीची पहिली दाढ, मागची भिंत आधीच गेलेली, रूट कॅनल केलं की वर कॅप लागणारच, आणि कॅपसाठी चारी बाजूंनी चांगला दात घासायचा. पुढची पन्नास वर्षं ती दाढ वापरायचीय. जिवंत नस असलेल्या दाताला जोर किती पडतोय ते कळतं, कीड परत आली तर तो ओरडून सांगतो, आतून स्वतःचं डेंटीन बनवतो. हे सगळं मी आईला सांगितलं, ती म्हणाली, "पण नंतर दुखलं तर?" मी म्हटलं, "काकू, तर रूट कॅनल आहेच, तो रस्ता बंद होत नाही. पण एकदा नस काढली की परत घालता येत नाही."

दुसरा, दोन टप्प्यांत कीड काढणं. आधी वरची काढायची, तळाची मऊ तशीच ठेवून बंद करायचं, काही महिन्यांनी परत उघडून उरलेली काढायची. डेन्मार्क-स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात पूर्ण कीड एकदम खरवडण्यापेक्षा या पद्धतीचा निकाल चांगला होता, वर्षाच्या शेवटी यशाचं प्रमाण ७४.१ टक्के विरुद्ध ६२.४. पण जी मुलगी एकदा यायलाच महिना लावते तिला मी दुसऱ्यांदा उघडायला कधी बोलावणार?

तिसरा, सिलेक्टिव्ह रिमूव्हल. कडेची कीड पूर्ण, कडक डेंटीन लागेपर्यंत काढायची, पण नसेच्या वरची चामड्यासारखी लागणारी तशीच सोडायची, आणि एकाच बैठकीत पक्कं बंद करायचं. परत उघडायचं नाही. मी हाच ठरवला. आणि नस उघडी पडलीच तर काय करायचं तेही इंजेक्शन द्यायच्या आधी दोघींशी बोलून घेतलं, कारण तोंडात रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लागल्यावर पेशंटला काही विचारणं म्हणजे नुसतं मान हलवून घेणं.

नसेवर काय ठेवायचं

हा भाग जरा लांब होणार आहे, पण मला यावरच लिहायचं होतं.

आमच्या पिढीला कॉलेजात शिकवलं गेलं की खोल खड्डा म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा ठिपका. दोन ट्यूब, पॅडवर सारख्या लांबीच्या दोन रेघा, मिसळायचं, गोल टोकाच्या इन्स्ट्रुमेंटने टेकवायचं, झालं. हर्मनने १९२० मध्ये हे दातांसाठी वापरात आणलं, म्हणजे शंभर वर्षांचं औषध. पीएच १२.५ च्या आसपास, जंतू टिकत नाहीत, नसेचा वरचा पातळ थर जळतो आणि त्याखाली नस स्वतःचा डेंटीनचा पूल बांधते. स्वस्त, एक जोडी महिनोन्महिने पुरते. पण तीन गोष्टी वाईट. दाताला चिकटत नाही, हळूहळू विरघळतं, आणि त्याखाली बनणाऱ्या पुलात बारीक बोगदे राहतात ज्यातून जंतू आत जाऊ शकतात. काही वर्षांपूर्वी मी माझंच जुनं फिलिंग उघडलं होतं. वरचं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग, शाबूत होतं आणि खाली जिथे मी स्वतः तो ठिपका ठेवला होता तिथे पोकळी, तळाला फाटलेल्या दह्यासारखा मऊ थर, एक्सकॅव्हेटर, म्हणजे कीड खरवडायचं हातातलं हत्यार, लावला तर नुसता निघून आला. त्या दिवसापासून उघड्या नसेवर मी ते ठेवत नाही.

मग एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केलं, पहिला पेपर १९९३ चा, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजुरी. मुळात बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्या कुळातलंच, शुद्ध केलेलं आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं. ओलाव्यात घट्ट होतं, आणि नसेसारख्या ओल्या जागी हाच मोठा फायदा. आकडे बघायचे तर हिल्टन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या ट्रायलमध्ये, जी कॉलेजात नाही तर साध्या प्रॅक्टिसमधल्या डॉक्टरांनी केली होती आणि म्हणून मला जवळची वाटते, २४ महिन्यांत उघड्या नसेवरचं कॅपिंग, म्हणजे औषधाने झाकणं, फेल व्हायचं प्रमाण कॅल्शियम हायड्रॉक्साइडला ३१.५ टक्के आणि एमटीएला १९.७ टक्के आलं. कुंडझिना यांच्या २०१७ च्या ट्रायलमध्ये, मोठ्या माणसांच्या किडीमुळे उघड्या पडलेल्या दाढांत, तीन वर्षांनी नस टिकण्याचं प्रमाण एमटीएला ८५ टक्के आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडला ५२ टक्के. एवढा फरक दिसत असताना सवय म्हणून जुनंच ठेवणं मला पटत नाही.

एमटीएचा त्रास वेगळा आहे. मूळचं एमटीए सेट व्हायला पावणेतीन तास. ओल्या रेतीसारखं, उचलून नेमक्या जागी ठेवताना अर्धं इकडे तिकडे पडतं. आणि बिस्मथचा हायपोशी, म्हणजे जंतू मारायच्या सोडियम हायपोक्लोराइटशी, संपर्क आला की काळपट पडतं, दाताचा रंग बदलतो. मागच्या दाढेत रंगाचं एवढं नाही, पण पावणेतीन तासांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

बायोडेंटीन, सेप्टोडोंट कंपनीचं, मूळ घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट, बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड, त्यामुळे काळं पडायची भीती खूप कमी. द्रवात कॅल्शियम क्लोराइड असतं म्हणून साधारण बारा मिनिटांत सेट. कॅप्सूल उघडून त्यात पाच थेंब टाकायचे आणि अमाल्गमेटरमध्ये, म्हणजे चांदीचं (अमाल्गम) फिलिंग घुसळायच्या मशीनमध्ये, तीस सेकंद फिरवायचं. अमाल्गमची फिलिंगं मी कधीच बंद केली पण ते मशीन याच्यासाठी ठेवलंय. निकाल एमटीएच्या तोडीस तोड. तोटे म्हणजे एक कॅप्सूल म्हणजे एकच पेशंट, उरलेलं फेकायचं, त्यामुळे महाग पडतं. पहिले काही दिवस आतून कच्चं असतं, पूर्ण मुरायला दोनेक आठवडे लागतात. आणि एक्स-रेत फार उठून दिसत नाही, साधारण डेंटीनसारखंच दिसतं. हे शेवटचं वाक्य तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

लाइटने सेट होणारं रेझिनवालं कॅल्शियम सिलिकेट, थेराकल, सिरिंजमधून काढा, एक मिलिमीटरचा थर द्या, वीस सेकंद लाइट मारा, इतकं सोपं. डेंटीनचा थर शिल्लक असेल तर हरकत नाही, पण उघड्या नसेवर रेझिनचा पूर्ण सेट न झालेला अंश टेकवणं मला नको वाटतं. तसंच ग्लास आयोनोमरचं, दाताला चिकटतं, सील उत्तम, नस झाकलेली असेल तर माझं पहिलं हेच, पण थेट नसेवर नाही. आणि लवंगतेलवालं झिंक ऑक्साइड युजेनॉल, दुखणं शांत करतं खरं, पण उघड्या नसेवर ते चालत नाही आणि वर कॉम्पोझिट करायचं असेल तर युजेनॉलमुळे ते नीट सेट होत नाही.

थोडक्यात माझा प्लॅन असा होता की नस झाकलेली राहिली तर ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट, उघडी पडली तर बायोडेंटीन.

प्रत्यक्ष काय केलं

भूल दिली, रबर डॅम लावला. आधी सगळ्या कडा साफ केल्या, इनॅमलच्या खालची रेघ कडक लागेपर्यंत. हे आधी करायचं कारण सील कडेलाच मिळतं, कडेला कीड राहिली तर मध्ये कुठलंही महागडं औषध ठेवा, उपयोग नाही. मग तळाशी मोठा गोल बर, म्हणजे ड्रिलचं टोक, कमी स्पीड, आणि शेवटी हातातला एक्सकॅव्हेटर.

तळ चामड्यासारखा लागायला लागला आणि मी थांबले. इथेच थांबायचं ठरलं होतं. पण पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, नसेच्या टोकाच्या बरोबर वर, एक गडद तपकिरी पापुद्रा थोडा सुटलेला दिसत होता. बोरावरची सुकलेली साल एका कडेने उचकटलेली असते ना, तसा. मला वाटलं हा सुटलेलाच आहे, घेऊन टाकू. एक्सकॅव्हेटर त्याखाली घातला, पापुद्रा अलगद वर आला, आणि त्याखाली लाल ठिपका. बॉलपेनच्या निबाएवढा.

हा माझा निर्णय होता आणि चुकीचा होता. काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं, तरी काळं दिसतंय म्हणून हात गेला. इतकी वर्षं 'सगळी कीड काढ' हेच शिकलेला हात आहे, तो सहजासहजी ऐकत नाही.

आता पुढचे निर्णय. किडीच्या मधून उघडी पडलेली नस म्हणजे जंतू आत गेले असं धरूनच चालायचं. हातमोजे बदलले, एक्सकॅव्हेटर आणि बर बदलले, लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा, डोळ्यांवर चढवले, जे खरं तर सुरुवातीलाच चढवायला हवे होते. हायपोमध्ये भिजवलेला बोळा ठेवला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं.

उचलला तर अजून झिरपत होतं. रक्त लालभडक, काळपट नाही, हे चांगलं लक्षण, पण थांबलं नव्हतं. इथे तीन रस्ते होते. अजून पाच मिनिटं दाबून बघायचं आणि तसंच झाकायचं. किंवा वरचा सुजलेला भाग दीड-दोन मिलिमीटर कापून खालच्या निरोगी भागावर कॅप ठेवायची, म्हणजे पार्शल पल्पोटॉमी. किंवा चेंबरमधली, म्हणजे मुळांच्या वरच्या पोकळीतली, सगळी नस काढून फुल पल्पोटॉमी. मी मधला घेतला. पाच मिनिटांत न थांबणारं रक्त मला सांगत होतं की वरचा थर सुजलाय, आणि त्यावर सिमेंट ठेवणं म्हणजे सुजेवर झाकण. नवीन डायमंड बर, हाय स्पीड, भरपूर पाणी, दोन मिलिमीटर आत. परत हायपोचा बोळा. चार मिनिटांनी उचलला, कोरडं, खाली स्वच्छ गुलाबी. तेव्हा रक्तही थांबलं आणि माझी धडधडही.

जर तेव्हाही थांबलं नसतं तर मी चेंबर पूर्ण साफ करून मुळांच्या तोंडाशी रक्त बघितलं असतं, आणि तिथेही थांबलं नसतं तर रूट कॅनल. मटेरियलची निवड या सगळ्यानंतर येते. डेन्मार्क-स्वीडनच्या त्याच अभ्यासात उघड्या पडलेल्या नसांवर कॅपिंग आणि पार्शल पल्पोटॉमी दोन्ही झालं होतं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरून, आणि वर्षभरात नस टिकण्याचं प्रमाण ३१.८ आणि ३४.५ टक्के होतं, म्हणजे तीनातली एक. आजचे चांगले आकडे नुसत्या नव्या सिमेंटचे नाहीत, हायपो, मॅग्निफिकेशन, रक्त थांबायची वाट बघणं आणि त्याच दिवशी पक्कं बंद करणं हे सगळं मिळून ते आकडे येतात, असं माझं ठाम मत आहे.

बॉक्समध्ये बायोडेंटीनची एकच कॅप्सूल उरली होती. एक्स्पायरी बघितली, ठीक होती. पाच थेंब, तीस सेकंद. मागच्या भिंतीसाठी मॅट्रिक्स बँड लावला, आणि सिमेंट न दाबता नुसतं टेकवत टेकवत खड्डा वरपर्यंत भरला. मग बारा मिनिटं काहीही नाही. लाळ नको, पाणी नको, कोरीव काम नको. नऊ वाजले होते, बाहेरून फास्ट गाडीचा आवाज येत होता, मुलगी तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होती आणि मी दर मिनिटाला तिला सांगत होते अजून इतकी मिनिटं.

इथे माझा दुसरा निर्णय, ज्याच्याबद्दल मी नंतर बराच विचार केला. सेट झाल्यावर वरचा भाग कमी करून त्याच दिवशी ग्लास आयोनोमर आणि कॉम्पोझिट करता आलं असतं. पण ती एक तास दहा मिनिटं तोंड उघडून होती, जबडा दुखत होता, आणि बायोडेंटीन सहा महिन्यांपर्यंत तात्पुरतं वरचं फिलिंग म्हणून ठेवता येतं असं कंपनी सांगते. म्हणून मी तसंच ठेवलं आणि सांगितलं, तीन आठवड्यांनी ये, वर पक्कं करू.

पुढे काय झालं

त्या रात्री साडेअकराला मेसेज, थोडं दुखतंय. आयबुप्रोफेनची एक गोळी घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली, गार पाण्याची कळ आठवडाभरात गेली.

आणि दुखणं गेलं म्हणजे येणं संपलं. तीन आठवड्यांनी नाही, जवळजवळ चार महिन्यांनी आली. मध्ये गणपतीला गावी, मग ऑफिसात काम, मग दिवाळी. तिला बोल लावत नाही, ज्या मुलीचं वेळापत्रक मी पहिल्या दिवशी लिहून घेतलं होतं तिच्यावर मी दुसरी व्हिजिट टाकली, हीच चूक. फिलिंगचा वरचा भाग झिजला होता, मागच्या कडेचा एक टवका उडाला होता आणि तिथे परत जेवण अडकत होतं. नशीब की खालचा थर घट्ट होता. गारव्याची टेस्ट शेजारच्या दाढेसारखीच. वरचा भाग काढला, नसेवरचं अडीच-तीन मिलिमीटर बायोडेंटीन तसंच राहू दिलं, वर बॉन्डिंग आणि कॉम्पोझिट. टवका अजून थोडा खोल उडाला असता तर सील गेलं असतं आणि आत्ता मी वेगळीच केस लिहीत असते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या मे महिन्याने. ती गावी गेली होती, कोकणात, तिथे तिच्या दुसऱ्याच दाताची कड तुटली म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात ३६ पण आली. त्यांना कॉम्पोझिट पांढरंशुभ्र दिसलं आणि त्याखाली, नसेच्या अगदी जवळ, करडा पट्टा. त्यांनी सांगितलं, खाली कीड राहिलीय, रूट कॅनल करून घ्या. बायोडेंटीन एक्स-रेत डेंटीनसारखंच करडं दिसतं, आणि आत ते आहे हे माहीत नसलेल्या कुठल्याही काळजीपूर्वक डॉक्टरला तेच वाटलं असतं. मला माहीत नसतं तर मीही तेच म्हटलं असतं. त्यांची काही चूक नाही.

मुलीने एक्स-रेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, तुम्ही तर म्हणाला होता नस वाचली." तो मेसेज वाचून पोटात कालवलं. फोन केला, त्या डॉक्टरांशी बोलणं झालं, काय केलं होतं ते सांगितलं, माझे आधीचे एक्स-रे पाठवले. त्यांनी लगेच गारव्याची टेस्ट करून बघितली, नॉर्मल होती, आणि विषय तिथेच संपला. पण तिने फोटो पाठवलाच नसता तर? घाबरून दुसऱ्या दिवशी हो म्हणाली असती, आणि एक जिवंत, सावरलेली नस केवळ माझ्याकडून एक कागद दिला न गेल्यामुळे काढली गेली असती.

एका वर्षाने आणि दोन वर्षांनी एक्स-रे काढले. मुळांच्या टोकाशी काही नाही, बायोडेंटीनच्या खाली डेंटीनच्या पुलाची बारीक रेघ दिसते, कळ नाही, ठोकून दुखत नाही, गारव्याला नॉर्मल.

आज परत केली तर काय बदलेन

तो पापुद्रा. नसेच्या टोकावर काहीही सुटलेलं दिसलं तरी हात लावणार नाही. लूप्स सुरुवातीपासून.

वरचं फिलिंग त्याच दिवशी. पेशंट थकला असेल तर मध्ये पाच मिनिटं विश्रांती देईन, पण कच्चं ठेवून घरी पाठवणार नाही, निदान मुंबईत, जिथे तीन आठवडे म्हणजे चार महिने होऊ शकतात.

पैशांचं बोलणं. नस उघडी पडली तर काय करू ते मी आधी सांगितलं होतं, पण कॅप्सूलचे वेगळे पैसे लागतील हे सांगायचं राहिलं, आणि बिल बघून आईचा चेहरा उतरला. काही बोलली नाही, दिले पैसे. मला ते अजून टोचतं. आता दोन्ही आकडे इंजेक्शनच्या आधी कागदावर लिहून देते.

मटेरियल मात्र बदलणार नाही. एमटीएनेही हेच झालं असतं असं मला वाटतं, फक्त पावणेतीन तास तिच्याकडे नव्हते.

आणि कार्ड. त्या मे महिन्यानंतर मी छोटी कार्डं छापून घेतली. तिचं पहिलं होतं, हाताने भरलेलं: दाढ ३६, पार्शल पल्पोटॉमी, बायोडेंटीन, तारीख, आणि खाली एक ओळ, 'एक्स-रेत फिलिंगखाली करडा थर दिसेल, ती कीड नाही, आधी गारव्याची टेस्ट करावी', माझा नंबर. दोन वर्षांच्या चेकअपला आली तेव्हा विचारलं, कार्ड आहे का गं? तिने पाकीट उघडून दाखवलं, लोकलच्या पासच्या मागे, कडा मळलेल्या, अक्षरं अजून वाचता येत होती.